गल्लीतलं कुत्रं माणसाला जीव का लावतं?

‘भाकरी टाकली की कुत्रं शेपूट हलवणारच, त्यात माया कसली?’ बेळगावात कुठल्याही कट्ट्यावर हे ऐकायला मिळतं. वडगाव-खासबागच्या विणकर गल्ल्यांत, शहापुरात, अनगोळात, तिकडे खानापूर-निपाणीकडच्या गावांत रोज ठरल्या वेळी कुत्र्यांना खायला घालणारी माणसं आहेत. हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागतं. पोट भरल्यावरही कुत्रं पायाशी बसून राहतं, डबा रिकामा असला तरी धावत येतं, घरातलं माणूस आजारी पडून चार दिवस दार उघडलं नाही तर उंबऱ्याशी येऊन वास घेऊन जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण याला माया म्हटलं की समोरचा हसतो.

हसण्यासारखं त्यात काही नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हंगेरी, जपान, अमेरिका आणि आपल्या देशात कोलकात्याजवळच्या शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यातून जे समोर आलं ते थोडक्यात असं: भाकरीनं ओळख होते, पण जीव लागतो तो दुसऱ्या कारणांनी. ती कारणं कुत्र्याच्या शरीरात आहेत आणि माणसाच्याही.

आधी भाकरीचंच बघू. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, आणि लांडगा मांसावर जगणारा. मग आपल्या दारातलं कुत्रं अथणी-गोकाकच्या बाजूला ज्वारीच्या भाकरीवर आणि खानापूरच्या बाजूला भातावर, नाचणीच्या भाकरीवर कसं काय जगतं? स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं शेजारी ठेवून तपासली. धान्यातला पिष्टमय भाग पचवण्यासाठी अमायलेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यांत मात्र चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर ज्यांचं पोट भरू शकलं ती कुत्री वाढत गेली. आपण चतकोर भाकरी पुढं करतो आणि ती त्याच्या अंगी लागते, यामागं हजारो वर्षांची संगत आहे.

ही संगत शेतीच्याही आधीची. कुत्रा माणसाळला त्याला किमान १५,००० वर्षं झाली असं मानतात. जर्मनीत बॉन शहरातल्या ओबरकासेल या भागात १९१४ साली एक जुनं दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत एक लहान कुत्रं होतं. त्या कुत्र्याच्या दातांवरच्या खुणा पुढं बारकाईनं तपासल्या, तेव्हा दिसलं की त्याला पिल्लूपणीच मोठा आजार झाला होता. बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा साथीचा रोग. अशा आजारात पिल्लू स्वतःहून आठवडेच्या आठवडे तग धरत नाही. कुणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, ऊब दिली असणार, घाण पुसली असणार. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरीही त्याला सांभाळलं आणि शेवटी माणसांशेजारी पुरलं. मला हा पुरावा फार मोठा वाटतो. उपयोगाचा हिशेब तिथं लागत नाही.

आपल्या भागात तर हे नातं देवघरापर्यंत गेलेलं आहे. खंडोबासोबत कुत्रा असतोच, आणि वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. मंगसुळीच्या खंडोबाला जाणाऱ्या घरांत कुत्र्याला लाथ मारू नये असं लहानपणीच सांगतात. कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीला पायी जाणाऱ्यांच्या मनात दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री असतात. नामदेवांची रोटी कुत्र्यानं पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट तर कीर्तनातून घराघरांत पोचली आहे.

भूक कुठं संपते आणि ओढ कुठं सुरू होते

भुकेचा भाग नाकारायचं कारण नाही. रशियातल्या पावलोव्ह यांनी पचनावर काम केलं, त्याबद्दल त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न दिसायच्या आधीच, रोज खायला घालणाऱ्या माणसाची चाहूल लागताच पाणी सुटायचं. आपल्या गल्लीतही हेच घडतं. सकाळी मागांची खटखट सुरू झाली, कुठल्या दाराची कडी वाजली, कुणाच्या चपलेचा आवाज आला, एवढ्यावर कुत्रं उठून बसतं. हे शिकलेलं आहे आणि ते भाकरीशी बांधलेलं आहे.

पण जरा थांबून कुत्र्याचं अंग बघा. वडगावातल्या एका आजींच्या दाराशी रोज सकाळी एक तांबडं कुत्रं येतं. आजी पातेलं घेऊन बाहेर येतात, ‘आलास व्हय? थांब जरा, गरम हाय,’ म्हणतात आणि भात निवायला पायरीवर ठेवून स्वतः शेजारी बसतात. कुत्र्याची मान पातेल्याकडं वळत नाही. ते आधी आजींकडं जातं. कान मागं पडलेले, पाठ किंचित वाकडी करून सगळं अंग हलवत, शेपटी खाली पण सैल आणि रुंद हलणारी. डोकं आजींच्या गुडघ्याला घासतं, तळव्याचा वास घेतं, मग एक लांब श्वास सोडतं. त्यानंतर भाताकडं वळतं. नुसती भूक असती तर क्रम उलटा झाला असता.

हाच क्रम अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मेंदूच्या आत शिरून पाहिला गेला. तिथल्या ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात जागेपणी, न बांधता, शांत पडून राहायला शिकवलं. मेंदूत एक भाग असा असतो की काही चांगलं मिळणार असं वाटलं की तो सक्रिय होतो. २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी पंधरा कुत्र्यांत बघितलं, की खाऊ मिळणार या खुणेला तो भाग जास्त सक्रिय होतो की मालकाकडून कौतुक मिळणार या खुणेला. नऊ कुत्र्यांत दोन्हीला सारखाच प्रतिसाद आला. चार कुत्र्यांत कौतुकाला जास्त आला. खाऊला जास्त भाव देणारी निघाली फक्त दोन.

ती घरात पाळलेली कुत्री होती असं कुणी म्हणेल. रस्त्यावरच्या उपाशी कुत्र्याचं काय? त्याचं उत्तर आपल्याच देशातून आलं. कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी गेली बरीच वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली त्यांनी एक प्रयोग छापला. अनोळखी माणूस हातात खाऊ धरून उभा राहिला तर रस्त्यावरची बहुतेक कुत्री हातातलं घेत नाहीत, जमिनीवर ठेवलेलं घेतात. माणसाचं भय त्यांना असतंच. मग काही कुत्र्यांना त्याच माणसानं वरचेवर जादा खाऊ दिला, काहींना फक्त डोक्यावरून हात फिरवला. पुढं कोण लवकर जवळ येऊन हातातलं खाऊ लागलं? ज्यांना कुरवाळलं होतं ती. नुसत्या जादा खाऊनं तेवढा भरवसा तयार झाला नाही.

भाकरी टाकून निघून जाणारा आणि भाकरी ठेवून दोन मिनिटं बसणारा, या दोघांत कुत्रं फरक करतं तो असा.

हंगेरीत बुडापेस्टच्या विद्यापीठात आणखी एक गोष्ट तपासली गेली. लहान मुलाचा आईवर किती जीव आहे हे ओळखण्याची एक जुनी पद्धत आहे: नवख्या खोलीत मूल आईसोबत ठेवायचं, मग आईनं थोडा वेळ बाहेर जायचं, अनोळखी माणसानं आत यायचं, मग आईनं परत यायचं. १९९८ साली हीच पद्धत कुत्र्यांना लावली, तर कुत्रीही तशीच वागली. मालक असला की खोलीभर हुंदडायची, तो गेला की दाराशी उभी राहायची, आला की आधी त्याला भिडायची. जत्रेत आईचा पदर धरलेलं पोर जसं दोन पावलं पुढं जातं, पुन्हा मागं वळून बघतं, तसंच. त्याच गटानं २००१ साली आश्रयगृहातल्या मोठ्या कुत्र्यांवर काम केलं. एका माणसानं दहा-दहा मिनिटं, फक्त तीनदा, त्यांच्याशी गप्पा मारल्या, खेळला, हात फिरवला. तेवढ्यावर ती कुत्री त्याला आपलं माणूस मानू लागल्याची लक्षणं दिसली. माणसाविना दिवस काढणारं कुत्रं माणसासाठी किती आसुसलेलं असतं, हे यावरून कळतं.

दोघांच्या रक्तात

माया दोन्हीकडून असते का, हा प्रश्न राहतोच. २०१५ साली जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रं आणि त्याचा माणूस अर्धा तास एका खोलीत ठेवले आणि आधी-नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. बाळंतपणात आणि बाळाला पाजताना आईच्या शरीरात वाढणारं हेच ते संप्रेरक. ज्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांच्यात ते वाढलं. कुत्र्यात वाढलं आणि माणसातही. माणसानं बघितलं की कुत्रं आणखी बघतं, त्यानं माणसाला आणखी बरं वाटतं, हात पुढं होतो, आणि हे फिरत राहतं. माणसांनी पिल्लूपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत मात्र हे आढळलं नाही. लांडगे माणसाच्या डोळ्यांत फार बघतच नाहीत.

डोळ्यांचं आणखी एक आहे. कुत्र्याच्या भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक छोटा स्नायू असतो. २०१९ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की कुत्र्यांत तो चांगला वाढलेला असतो आणि लांडग्यांत जवळजवळ नसतोच. त्या स्नायूमुळं कुत्र्याची नजर मोठी, लहान बाळासारखी दिसते आणि आपलं मन विरघळतं. मुद्दाम काही करायला कुत्र्याला लागत नाही. ज्यांची नजर अशी होती त्यांना माणसांनी जास्त सांभाळलं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

सीमाभागात एक प्रश्न सहज पडतो. आपल्या गल्लीतलं एकच कुत्रं एका दारात ‘ये रे राजा’ ऐकतं, दुसऱ्या दारात कन्नडमधलं ‘बा इल्ली’ (इकडं ये), तिसऱ्या दारात त्याचं नाव टिपू असतं. त्याला यातलं काय कळतं? बुडापेस्टमध्येच लॉरा कुआया यांनी २०२२ च्या आसपास अठरा कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात जागेपणी पडून राहायला लावून एकच गोष्ट स्पॅनिश आणि हंगेरियन भाषेत ऐकवली. ओळखीची भाषा आणि अनोळखी भाषा यांना मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देतो, आणि कुत्रं जितकं वयस्क तितका हा फरक ठळक, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपल्याकडचं म्हातारं कुत्रं दोन्ही भाषांच्या लयीत मुरलेलं असणार असं मला वाटतं. भाषेवरून त्यानं कुणाशी भांडण केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. जो मायेनं हाक मारतो त्याच्याकडं ते जातं.

पिल्लूपणाचे मोजके आठवडे

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. कुत्र्याचा माणसावर भरवसा बसेल की नाही हे बरंचसं त्याच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ठरतं. या काळात ज्याचा वास, आवाज, स्पर्श त्याला मिळतो त्याला ते आपलं मानतं. हा काळ माणसाशिवाय गेला तर पुढं कितीही भाकरी घाला, ते चार हात लांबच राहतं.

हीच गोष्ट धनगर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. राखणीचं पिल्लू ते मेंढरांतच वाढवतात. कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपलेलं पिल्लू मोठेपणी मेंढरांना आपली माणसं समजतं आणि लांडग्याच्या अंगावर जातं. ताक, आंबील जे मिळेल ते खातं, पण रात्री झोपतं कळपाच्या कडेला.

गल्लीतल्या पिल्लांचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. भाद्रपदात कुत्र्यांचा धुडगूस सुरू होतो हे सगळे जाणतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी कुत्री विते, म्हणून बेळगावच्या कडाक्याच्या थंडीत दारादारांत पिल्लं दिसतात. जिन्याखाली, लाकडांच्या ढिगाआड, बंद दुकानाच्या फळीखाली. आयसरच्याच अभ्यासात दिसलं की माद्या विण्यासाठी माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करतात. पण त्या भरवशाची किंमत मोठी असते. त्यांनी बंगालमध्ये ज्या पिल्लांवर लक्ष ठेवलं त्यांतली फक्त १९ टक्के सात महिन्यांची होईपर्यंत जगली, आणि जी गेली त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागं या ना त्या प्रकारे माणूस होता. गाडीखाली आलेली, विष घातलेली, मारलेली, उचलून नेलेली. हे आकडे मी वाचले तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

म्हणून थंडीत पिल्लांना गोणपाट टाकणारी, त्यांच्या अंगावरून हात फिरवणारी पोरं फार मोठं काम करतात. त्या पिल्लातून जे कुत्रं तयार होतं ते सहसा माणसाला भिऊन चावणारं नसतं. फक्त पिल्लू आईपासून दोन महिने तोडू नये, आणि आई जवळ असताना पिल्लाला हात लावण्याआधी तिचा अंदाज घ्यावा. विलेली कुत्री ओळखीच्या माणसावरही धावते.

खाऊ काय घालावा याबद्दल दोन शब्द. भाकरी, भात चालतो. त्यात अंडं किंवा थोडं दही कालवलं तर उत्तम. कांदा, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं आहे. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून घशात-आतड्यात टोचतात. ग्लुकोज बिस्किटांनी भूक मरते, पोषण होत नाही. पाणी सगळे विसरतात. चैत्र-वैशाखात घमेलंभर पाणी भाकरीपेक्षा मोलाचं.

आता खाऊ घालणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी गोष्ट. कुत्रं माणसाशी जोडलं जातं तसंच जागेशीही. जिथं खायला मिळतं ती जागा ते आपली मानतं आणि राखतं. त्यामुळं खाऊ घालणाऱ्याला लाडिक वाटणारं कुत्रं शेजारच्या पोराच्या सायकलमागं धावतं, रात्री कामावरून परतणाऱ्याला अडवतं. त्या शेजाऱ्याची भीती खरी आहे. रेबीजची भीती तर शंभर टक्के खरी आहे, कारण लक्षणं दिसू लागल्यावर तो रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून शाळेच्या फाटकात, जिन्यात, मुलांच्या खेळायच्या जागी खायला घालू नये. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये हे आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात वॉर्डनिहाय खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितलं आणि रस्त्यात कुठंही घालायला मनाई केली. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, ते रेबीजग्रस्त किंवा हल्लेखोर नसेल तर, उचललं तिथंच सोडायचं हेही त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांतून उचललेली कुत्री मात्र परत तिथं सोडायची नाहीत.

इथं मायेचा थेट उपयोग आहे. कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची तर आधी ते हाती लागायला हवं. जाळी घेतलेली गाडी गल्लीत शिरली की सगळी कुत्री पांगतात. वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यानं वर्षानुवर्षं गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आपल्याकडं हे करायचं तर जाळ्यांइतकीच गरज आहे ती रोज पातेलं घेऊन पायरीवर बसणाऱ्या हातांची. त्या हातात कुत्रं मान देतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला घरी बोलावून, आपण मानेवर हात फिरवत असताना सुई टोचली तर कुत्र्याला ती फारशी कळत नाही. दर वर्षी ती परत द्यावी लागते, म्हणून कुठल्या कुत्र्याला कधी दिली हे वहीत रंगासह लिहून ठेवावं. ज्याच्या कानाला खाच आहे त्याची नसबंदी झालेली आहे. बाकीच्यांची यादी नगरपालिकेला किंवा पंचायतीला द्यावी.

खाऊ घालणाऱ्यानं स्वतःचीही काळजी घ्यावी. लाडातला दात लागला तरी, ओरखडा आला तरी, आपलंच कुत्रं आहे म्हणून सोडून देऊ नये. हळद, चुना, मिरची काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारून आधीच लस घेऊन ठेवावी: पहिल्या दिवशी एक, तिथून सात दिवसांनी दुसरी, आणि पहिलीपासून २१ किंवा २८ दिवसांनी तिसरी. मग पुढं कधी चावा झालाच तर त्याच दिवशी एक आणि तिथून तीन दिवसांनी एक अशी दोनच इंजेक्शनं लागतात, जखमेत टोचायचं सीरम लागत नाही.